चव सांगणारे लिंबाजीबा

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी चहा घेत होतो. ‘बाबा गेले. तेरावाबी झाला. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. सोजर.’ एवढाच मजकूर. अक्षर ओळखीचं होतं, कारण ते मीच शिकवलेलं. ‘ळ’ची दोन्ही पोटं सारखी काढायची ही माझी शिस्त, ती त्या पोरीनं इतक्या वर्षांनंतरही पाळलेली. तेरावा होईपर्यंत मला का कळवलं नाही, असं क्षणभर मनात आलं आणि लगेच लाज वाटली. मी वाटूर गाव सोडल्यावर किती वेळा तिकडं फिरकलो होतो? बोटं मोजावीत तर एक हातसुद्धा लागत नाही.

या पुरवणीत मी आजवर बऱ्याच जणांवर लिहिलं. मुख्याध्यापक, वकील, एक-दोन पुढारी. माणूस गेला की आठवडाभरात माझा लेख तयार. लोक म्हणतात, गुरुजींचं लिहिणं ओघवतं. या लेखाला मात्र सहा आठवडे लागले, आणि तो ओघवता नाही. लिंबाजीबा कोणी मोठे गृहस्थ नव्हते. ते दारू चाखत. तोच त्यांचा धंदा होता. वाचकांपैकी कोणी नाक मुरडलं तर माझी हरकत नाही, मीही सुरुवातीला मुरडलं होतं. आणखी एक सांगून टाकतो. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना ‘अरे लिंबाजी’ म्हणायचो आणि ते मला ‘तुमी गुरुजी’. आज लिहिताना ‘लिंबाजीबा’ आणि ‘ते’ लिहितो आहे. माणूस गेल्यावर मान द्यायला काही मोजावं लागत नाही.

निजामी होती तेव्हाची गोष्ट. सरकारी शाळा उर्दूत चालायच्या. वाटूरच्या चार शहाण्या शेतकऱ्यांनी पोरांना मराठी यावं म्हणून एका ओसरीत खासगी शाळा काढली आणि मला आणलं. शाळेला तहसिलातून इजाजत लागे, आणि ती इजाजत एखाद्या तक्रारीच्या चिठ्ठीवरही जाऊ शकत होती. आधीच्या शाळेची तशीच गेली होती. त्यामुळं माझं वागणं म्हणजे शाळेचं वागणं. मी पांढरं धोतर, काळी टोपी घालून, खाली मान घालून चालायचो. गाव म्हणायचं, गुरुजी म्हणजे देवमाणूस. हे ऐकायला फार गोड लागतं.

फाट्यावर दारूच्या गुत्तेदाराचं गोदाम होतं. परतूर स्टेशनावर मोहाच्या दारूची पिंपं उतरायची, बैलगाड्यांतून वाटूरला यायची आणि इथून आष्टीपर्यंतच्या दुकानांना जायची. वाटेत गाडीवाले पाणी घालत, कुणी जळकी दारू चांगल्यात मिसळून देई. ते ओळखायला गुत्तेदारानं लिंबाजीबांना ठेवलं होतं. घराणं मेंढरांमागं फिरणारं. मेंढीचं दूध हुंगून ती कुठल्या माळावर चरली हे ते सांगत. एकदा गोदामापाशी मेंढरं थांबलेली असताना ते सहज म्हणाले, “ह्या पिंपात वंगन पडलंय,” आणि पिंप फोडलं तर खरंच तळाशी गाडीच्या आसाचं वंगण. त्या दिवसापासून मेंढरं भावाकडं गेली आणि लिंबाजीबा गोदामात आले.

खरी मौज पुढंच आहे. लिंबाजीबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. गावच्या मारुतीच्या भजनात ते टाळ धरायचे. माळकऱ्यानं दारूला शिवायचं नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण भजनाच्या बुवांनी निवाडा दिला होता, “गिळलं न्हाई तर बाटलं न्हाई. पन एक थेंब पोटात गेला तर माळ गेली.” तेव्हापासून लिंबाजीबांची एक रीत ठरली. सकाळी उपाशीपोटी कामाला बसायचं. उजव्या हातात काशाची वाटी, डावा हात गळ्यातल्या माळेवर. पुढ्यात राखेनं भरलेलं घमेलं. घोट तोंडात घ्यायचा, घोळवायचा, राखेत थुंकायचा, ताकानं चूळ भरायची, भाकरीचा कोरडा तुकडा चावायचा, मग दुसरं पिंप. इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्या गळ्याची घाटी हललेली मी पाहिली नाही. तरी कपड्यांना वास यायचाच. बाया त्यांना वाट सोडून द्यायच्या.

त्यांची पोरगी सोजर माझ्या शाळेत यायची. सबंध शाळेत ती एकटीच मुलगी. तिला सोडायला म्हणून ते यायचे, तेव्हा बोलणं सुरू झालं. मला शब्दांचा भारी सोस. मी एकदा विचारलं, “अरे लिंबाजी, तुला कळतं तरी कसं?” ते म्हणाले, “सांगता येतं गुरुजी. पन आधी चूळ भरा.” मग मी सुट्टीच्या दिवशी गोदामात जाऊ लागलो आणि वहीत त्यांचे शब्द उतरवू लागलो. नवशिक्यानं कुठून सुरुवात करावी ते त्यांनी मला असं शिकवलं…

पहिलं नाक. वाटी हलवायची नाही, नुसता वास घ्यायचा. मग हलवून पुन्हा घ्यायचा. पहिल्यात जे नव्हतं ते दुसऱ्यात आलं तर ती ‘उघडली’. काहीच आलं नाही तर ती ‘बंद’, तिला वारा लागू द्यायचा. मग वाटीच्या कडेनं उतरणारे ओघळ बघायचे, त्याला ते ‘पाझर’ म्हणत. पाझर सावकाश उतरला तर धार जास्त, म्हणजे कडकपणा जास्त. मग जीभ. जिभेवर ती पाण्यासारखी पळाली तर ‘अंग पातळ’, सायीसारखी बसली तर ‘अंग भरलेलं’. गोडी नसेल तर ‘कोरडी’. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आंबटपणा, हिरड्या ओढल्या गेल्या तर तुरटी. “बाभळीची साल चावा गुरुजी, मंग कळंल तुरटी म्हंजी काय,” असं म्हणून त्यांनी मला खरोखर साल चावायला लावली होती. आंबट, गोड, तुरट, धार, यातलं कुणी कुणाला ओढत नसेल तर ‘जू बराबर’. दोन बैल सारखे चालले की जू सरळ राहतं, तसं. आणि शेवटी ‘शेपूट’. थुंकल्यावर चव किती वेळ तोंडात रेंगाळते ते. ते मोजायची त्यांची पद्धत भन्नाट होती. डोळे मिटून मनातल्या मनात मेंढवाड्याच्या दारातून मेंढरं एकेक करून बाहेर काढायची. “ह्या पिंपाची तीन मेंढरांतच सरली. ही बघा, धा गेली तरी हाय.”

मी हे सगळं टिपून घेतलं. घोट मात्र थुंकायचो. तेव्हा थुंकायचो, हे इथं नमूद करतो.

एका थंडीत सडकेच्या कामावर एक इंजिनिअरसाहेब आले आणि डाक बंगल्यात उतरले. त्यांच्याजवळ विलायतेहून आलेली द्राक्षाची दारू होती. एक बाटली उघडली तर त्यांना ती फिकी लागली, आणि खानसाम्यानं पिऊन पाणी भरलं असा संशय आला. पोलिसांच्या अमीनसाहेबांना बोलवायची भाषा झाली. खानसामा रडकुंडीला आला. गुत्तेदार म्हणाला, आमच्याकडं एक माणूस आहे. गुरुवारी दिवस मावळायच्या आत लिंबाजीबांना बंगल्यावर नेलं. साहेबांचं बोलणं समजावायला मी बरोबर होतो.

लिंबाजीबांनी प्याला उजेडाकडं धरला. वास घेतला, हलवला, थांबले, पुन्हा घेतला. डावा हात माळेवर गेला. घोट घेतला, घोळवला, बरोबर आणलेल्या राखेच्या घमेल्यात थुंकला आणि डोळे मिटले. मेंढरं चालली होती. साहेब घड्याळ बघायला लागले तरी चाललीच होती.

“पानी न्हाई घातलेलं,” शेवटी ते म्हणाले. “पानी घातलं की मधी भोक पडतं. हितं भोक न्हाई. ही जातीचीच पातळ अंगाची हाय. गोडी न्हाई, कोरडी. आधी जांभूळ, मंग तुरटी, मंग लाकूड. लई दिस लाकडात राह्यलेली हाय. सागाचं न्हाई, आंब्याचं न्हाई. ह्ये लाकूड आपल्याकडचं न्हाईच. शेपूट बिलकुल लांब. साहेबांला सांगा, बंद व्हती, आता उघडून राह्यली. घटकाभर ठिवा.”

मी सांगितलं. साहेबांनी घटकाभरानं घोट घेतला आणि खुर्चीतून उठून उभेच राहिले. खानसामा वाचला. साहेबांनी खूश होऊन उरलेली बाटली लिंबाजीबांना इनाम दिली. ती घेऊन ते काय करणार? वाटेत त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. “वहीत लिव्हा गुरुजी, अशी परत गावायची न्हाई. पन थुका बरं का.”

दुसऱ्या दिवशी जुम्म्याची सुट्टी. शाळेच्या ओसरीमागं माझी खोली. दुपारी वही उघडली, पेला घेतला. नाक, पाझर, अंग, सगळं लिहिलं. पहिला घोट थुंकला. दुसराही. तिसरा तोंडात होता तेव्हा मनात आलं, एवढी नामी चीज राखेत का घालायची? आणि गिळला. कुणी बळजबरी केली नव्हती, दुःख नव्हतं, सोबतही नव्हती. निव्वळ हौस. मग चौथा. पोटात सकाळपासून अन्न नव्हतं. त्यापुढं आठवतं ते एवढंच की मी ओसरीवर उभा राहून मोठ्या आवाजात पावकी म्हणत होतो… एक पाव पाव, दोन पाव अर्धा… आणि माझी टोपी कुठं तरी पडली होती.

लिंबाजीबा समोरच्या मारुतीपाशी टाळांच्या दोऱ्या बदलत बसले होते. ते धावत आले. त्यांनी मला बगलेत धरून खोलीत ढकललं, अंथरुणावर पाडलं, तोंडावर पाणी मारलं. बाहेर माणसं जमायला लागल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, “लिंबाजी, शाळा गेली.” एवढं म्हणण्याइतकी शुद्ध मला होती. हेच मला सांगायचं आहे, की मला शुद्ध होती. त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग बाटलीतलं उरलंसुरलं स्वतःच्या बंडीवर ओतलं, बाहेर जाऊन दाराला कडी घातली आणि ओसरीवर बसून पावकी म्हणायला लागले. सोजर घरी घोकायची म्हणून त्यांना तेवढी येत होती. “तीन पाव पाऊण… तीन पाव पाऊण…” चौथ्याला अडखळले. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, “लिंबाजी पिला रे!” दाराच्या आत पडून मी हे सगळं ऐकलं. दाराला फट होती आणि तिच्यातून त्यांची पाठ दिसत होती.

शनिवारी सकाळी मारुतीसमोर बैठक बसली. खांबाजवळ बुवा, भोवती भजनकरी, मीही. मला मानानं सतरंजीवर बसवलं होतं. लिंबाजीबा खाली पायरीपाशी उभे. बुवा वाईट माणूस नव्हते, त्यांना वाट काढायची होती. ते म्हणाले, “लिंबाजी, गिळली का तोंडातून वघळली?” लिंबाजीबांनी नुसता डावा हात माळेवर ठेवला. मग बुवांनी माझ्याकडं तोंड केलं. “गुरुजी, तुमी ह्याच्याजवळ बसता-उठता. गोदामातबी जाता आसं ऐकलंय. तुमीच सांगा, हा गिळतो का थुकतो?”

एक शब्द पुरला असता. ‘थुंकतो.’ मी काय प्यालो ते सांगायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं ‘मी नेहमी पाहिलंय, हा थुंकतो’ एवढं म्हटलं असतं तर बुवांनी संशयाचा फायदा देऊन माळ ठेवली असती. पण ‘गोदामातबी जाता’ हे शब्द ऐकून मला तक्रारीची चिठ्ठी दिसायला लागली होती. मी टोपी सरळ केली आणि म्हणालो, “मी कशाला असल्या माणसाच्या तोंडाकडं बघायला जाऊ?”

असल्या माणसाच्या. हे शब्द मी बोललो. पदरचे घातले.

लिंबाजीबांनी स्वतःच्या हातानं माळ उतरवली आणि बुवांच्या पुढ्यात ठेवली. चाखणारा गिळायला लागला तर त्याच्या जिभेचा भरवसा काय, म्हणून गुत्तेदारानंही त्यांना काढून टाकलं. ते भावाकडून मेंढरं घेऊन पुन्हा माळावर जाऊ लागले. दोन दिवसांनी मला ओढ्यावर भेटले. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, “तुमी घोर लावून घेऊ नका. माह्या अंगाला तसाबी वास हायच, लोकायला जल्दी पटलं. तुमच्या अंगाला शोभला नसता. साळा चालली पायजे. सोजर चवथीत हाय.” मी त्यांचे पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, “उद्या तिला पाटी घेऊन पाठव.” खरंच, एवढंच म्हणालो.

माळ गेली तरी त्यांनी भजन सोडलं नाही. वर बसायची बंदी होती, म्हणून ते पायरीवर बसून तळहातावर तळहात आपटून ताल धरायचे. मी वर सतरंजीवर बसायचो. बरीच वर्षं हे असं चाललं. मी स्वतःला समजावायचो की हे शाळेसाठी आहे, आपला हात दगडाखाली आहे. मग पोलीस ॲक्शन झाली. निजामी गेली, इजाजत गेली, शाळा सरकारी झाली. दगड निघाला. तेव्हा तर बोलायला काहीच हरकत नव्हती. पण तेव्हा माझी शहरात बदली व्हायची होती आणि गावानं माझा सत्कार ठेवला होता. ज्यानं शाळा जगवली तो पायरीवर बसून टाळ्या वाजवत होता. हार माझ्या गळ्यात होता.

त्यानंतर एकदाच ते मला परतूर स्टेशनावर भेटले. म्हातारे झाले होते. मी दोघांसाठी चहा घेतला. त्यांनी कप नाकाशी धरला, सवयीनं डावा हात गळ्याशी गेला आणि तिथं काही नाही म्हणून सदऱ्याच्या गुंडीवर थांबला. मी म्हणालो, “लिंबाजीबा, त्या दिवशी…” पहिल्यांदाच ‘बा’ लावलं होतं. ते म्हणाले, “गाडी आली गुरुजी.” गाडी खरंच आली होती. पण ती स्टेशनात बराच वेळ उभी होती.

पोस्टकार्डानंतर तीन आठवड्यांनी मी वाटूरला गेलो. सोजर बापाजवळच राहत होती. तिनं पाणी दिलं. मी बसल्याबसल्या तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मनात कुठं तरी आशा होती की ती म्हणेल, बाबांनी मला सांगितलं होतं, जाऊ द्या. तसं काही झालं नाही. तिला माहीत नव्हतं. तिचा आवाज चढला.

“आन् हे आता सांगून राह्यले तुमी? बाबा गेल्यावर? मरायच्या आदल्या हप्त्यातबी त्यायला उचलून पायरीवर नेलं म्या. वर न्हाई बसू दिलं कुनी, आन् त्यायनीबी न्हाई मागितलं.” तिनं माझ्यापुढचा तांब्या उचलला. “मला सांगून काय उपेग? म्या कवाच मानलं न्हाई त्यायनी पिली म्हनून. जितं इचारलं व्हतं तितं सांगा जाऊन.”

गेलो. संध्याकाळचं भजन सुरू व्हायचं होतं. बुवा कधीच गेले, त्या बैठकीतलं कोणीच उरलं नव्हतं. नवी तरुण मंडळी होती, त्यातले काही माझ्याच विद्यार्थ्यांचे मुलगे. मी पायरीवर बसलो आणि म्हणालो, मला एक सांगायचंय. लिंबाजी दारू प्यालेले नव्हते. त्या दिवशी प्यालेला मी होतो. ते एकमेकांकडं बघायला लागले. मग एकजण नमस्कार करून हसला. “गुरुजी, तुमी लई मोठ्या मनाचे. मेलेल्या मानसाचं झाकायला सोतावर घेऊन राह्यले. तुमी आन् दारू! आमच्या वडलानं सांगितलंय की तुमी कसे व्हते ते.” मी पुन्हा सांगितलं. शपथ घातली. ते आणखीच गहिवरले. “खाली कामून बसले? वर या.” दोघांनी माझ्या दंडाला धरलं, खांबाजवळ सतरंजी अंथरली… आणि मी वर जाऊन बसलो. गुडघे दुखत होते, असं म्हणता येईल. पण खाली बसताना ते दुखत नव्हते.

तोंडी सांगून पटत नाही, म्हणून छापून देतो आहे. या अंकाच्या दोन प्रती वाटूरला जातील, एक सोजरकडं आणि एक मारुतीच्या देवळात, तिथं ती मोठ्यानं वाचावी अशी विनंती आहे. ज्यांना अजूनही वाटतं की गुरुजी मोठ्या मनानं पांघरूण घालत आहेत, त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं. लिंबाजीबांनी मला नाकाचे, जिभेचे, हिरड्यांचे, टाळूचे सगळे शब्द शिकवले. घशाचा एकही शब्द त्यांच्याजवळ नव्हता. ती द्राक्षाची दारू घशातून उतरताना आधी गार लागते आणि छातीपाशी पोचल्यावर ऊब धरते, हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मला माहीत आहे.

बुवा, तुम्ही विचारलं होतं. ते थुंकत होते. गिळलं मी.